कॉल सेंटरवालीचं नाटक

ज्या माणसानं भरल्या मैदानात माझी लाज काढली, तो आज सकाळी गेला.

आमचे धोंडूकाका. बाबांचे चुलतभाऊ. मुरबाडकडच्या आमच्या गावात जत्रेचं नाटक दरसाल तेच लिहायचे.

मी तेव्हा कल्याणला कॉल सेंटरला नवीन लागले होते. इन्शुरन्सचे कॉल घ्यायचे. गावातून असल्या नोकरीला जाणारी मी एकटीच.

त्या साली काकांच्या नाटकात कॉल सेंटरवाली रेश्मा आली.

विग घातलेला पोरगा, कानाला हेडफोन, हातात सिगारेट. "हॅलो डार्लिंग" म्हटलं की शिट्ट्या.

आणि दर शिट्टीला माना माझ्याकडे वळायच्या.

आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली. बाबा मध्येच उठून गेले. रोज मला बाइकवरून फाट्यावर सोडायचे, ते दुसऱ्या दिवसापासून बंद.

मी तडक काकांकडे गेले.

"काका, तुमी कॉल सेंटर बघितलंय कधी?"

"नाय गो. गोष्टींत, सिरियलींत तशाच असतात त्या पोरी. म्हनून लिवलं. तू थोडीच तशी?"

"मग लोकं माझ्याकडे का बघत होती?"



मग मी त्यांना आदल्या दिवशीचा कॉल सांगितला. नवरा गेलेली बाई. ती हमसून रडतेय, आणि मी स्क्रिप्टप्रमाणे तिच्याकडे मृत्यूचा दाखला मागतेय. "मॅडम, लाइनवर आहात ना?"

"हे कोन कसं लिवत नाय?" काका एवढंच म्हणाले.

पुढल्या जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी काका स्टेजवर आले.

"मागल्या साली मी न बघता लिवलं. आमच्या पोरीची मान खाली गेली. तिची माफी मागतो."

लोक हसले. त्यांना वाटलं, हीपण कॉमेडी.

काका हात जोडून तसेच उभे. हसू थांबेपर्यंत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा माणूस माझ्यापुढे हात जोडतोय, आणि मला वर बघवत नाहीये.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाइक काढली. "चल, एसटी जाईल."

काकांनी त्यानंतर नाटक लिहिलंच नाही. गाव म्हणतं, माझ्यामुळे. असेलही.
त्याचीपण लाज वाटते.

आज काकी रडता रडता सांगत होती, "कंपनीचा फोन आला आन् घरात कोनी शिव्या घातल्या, तर हे वरडायचे. नीट बोल रे, म्हनायचे. कोनाची तरी पोर कामावर हाय ती."

काका, शेवटचा नमस्कार.