भाट्याच्या खाडीचं उलटं पाणी

भाट्याची खाडी त्या वर्षी उलटी वाहत होती. निदान आमच्या कागदांवर तरी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका संशोधन केंद्रात मी हंगामी मदतनीस होते. भरती-ओहोटी मोजणारी आमची दोन यंत्रं होती, एक खाडीच्या तोंडाशी, दुसरं आत. प्रत्येकात एक घड्याळ, त्यावर फिरणारा कागद आणि कागदावर रेघ ओढणारं पेन. भरती आधी तोंडाशी येते, मग आत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या कागदांवर मात्र ती आधी आत आणि मग तोंडाशी! डबा खाताना चेष्टेला नुसता ऊत यायचा.

साहेब मात्र हसले नाहीत. "महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर यंत्रं दुसऱ्या केंद्राला देऊन टाकतो," म्हणाले. यंत्रांबरोबर माझी नोकरीही जाणार होती. लांज्याला घरचे मला बोहल्यावर चढवायला टपलेलेच होते, आणि मला तर आत्ता कुठे स्वतःच्या पगाराची गोडी लागली होती.

दर शनिवारी कागद बदलताना मी दोन्ही घड्याळं रेडिओच्या वेळेला लावायची. पुढच्या शनिवारी आतलं अगदी बरोबर असे, तोंडाजवळचं चांगलं पाव तास पुढे. तेल घातलं, स्प्रिंग बदलली, शेवटी हात टेकले. मग एका रविवारी सकाळीच तोंडाजवळच्या यंत्राच्या शेडपाशी जाऊन बसले. शेडची किल्ली शेजारच्या काकींकडे असे. त्या आल्या, केर काढला, आपल्या घरात डोकावून भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि यंत्राचा काटा बोटाने सर्रकन पुढे!

"अहो काकी, काय करताय?"

"तुजं घड्याळ मागं पडतंय गो. मी दर आयतवारी सारकं करतंय. सरकारी वस्तू, लोकांनी नावं ठेवायला नकोत!"

काका पालीच्या शाळेत मास्तर. त्यांची एसटी चुकू नये म्हणून काकींचं घड्याळ कायम पाव तास पुढे. आमच्या घरी तरी कुठे वेगळं होतं? मला रागवायला हवं होतं. मी हसत त्यांच्या गळ्यातच पडले.

चूक दर वेळी तेवढीच, त्यामुळे सगळे कागद कामाचे निघाले. साहेबांनी दोन कागद एकमेकांवर ठेवले, एक जरासा सरकवला आणि भरती मुकाट्याने आधी तोंडाशी आली. "यंत्रं राहू देत," ते म्हणाले. "तूही राहा."

मी धावत काकींना सांगायला गेले. त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे माज्यापायी तुजी नोकरी जात होती?" मी काही म्हणायच्या आत त्यांनी घरातलं घड्याळ खाली काढलं आणि मागे करून टाकलं. कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ पुढेच आहे असं धरून काका निवांत निघाले आणि त्यांची एसटी चुकली. त्यांच्या घड्याळावर चालणाऱ्या अर्ध्या वाडीचीही चुकली. संध्याकाळी मी भीतभीतच गेले. काका पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"नोकरी राहिली ना गो तुझी?"

"राहिली."

"मग बस. माझी एक रजा गेली तर गेली."