तिसऱ्या संध्याकाळची सूचना

“एवढा लंबा नव्हता तो,” अंगणातून कोणीतरी म्हणालं.

“मंग आता पाय कापू का त्याचे?” दुसऱ्याने विचारलं. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले, कारण मोठे बाबा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, तिथेच बसलेले होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अंगणात गोणपाटावर पळसाच्या देठांचा माणूस मांडून झाला होता. हात, पाय, छाती सगळं देठांचं आणि डोक्याच्या जागी नारळ. देठ भटजींनी मोजून दिले होते. त्यातला एकही कमी करता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यामुळे माणूस लांबला होता. काकाजी, बाबांचे धाकटे भाऊ, खरंच उंच नव्हते. गोंदियाला माझ्या शाळेच्या फाटकाची वरची कडी काढायला त्यांना टाचा उचलाव्या लागत.

बारा वर्षं ज्याचा पत्ता लागला नाही त्याला आमच्याकडे मेलेला धरतात. जाळायला देह नसतो, म्हणून असा पळसाचा देह करतात. नवेगाव बांधच्या बाजूला पळसाला तोटा नाही. सकाळी दोघं जण गेले आणि तासाभरात भारा घेऊन आले. मोठ्या बाबांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि घरात असा एक लटकलेला जीव असताना मांडव घालायला भटजी तयार नव्हते. अग्नी बांधाच्या, म्हणजे तलावाच्या, काठी द्यायचा होता. तिथे बायका जात नाहीत. बायकांचं काम तिरडी उचलताना घरात होतं, काकीच्या बांगड्या फोडण्याचं.

काकाजी १९९९ सालच्या धानाच्या रोवणीनंतर गेले. कोहमाऱ्याला जाऊन येतो म्हणाले. तिथल्या एका ढाबेवाल्याने त्यांना शहराकडच्या गाडीत चढताना पाहिलं, एवढंच कळलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. गोंदियाला इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत गावी यायचे. बाबा रेल्वेत, त्यांची ड्यूटी कधीही. काकाजी राईस मिलच्या कामाने आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे मुक्कामाला असत, आणि माझ्या शाळेच्या डायरीवर पालक म्हणून तेच सही करत. मराठीत, खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं. टीचर विचारायच्या, ही फादरची साइन आहे का? मी मान हलवायचे. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो दिला. मग ठाणेदार म्हणाले, फोटोसकट माहिती पाठवून रेडिओवर देऊ.

शहरातलं ते रेडिओ केंद्र दिवसभर बातम्याच द्यायचं. गाणी नाहीत, नाटक नाही. दर तासाला बातम्या, मधे सकाळी धानाचे भाव, दुपारी धरणांतलं पाणी, संध्याकाळी हवामान. संध्याकाळच्या मोठ्या बातम्या संपल्या की हरवलेल्यांच्या सूचना. गावात रेडिओ लागायचा तो मुख्यतः त्यासाठीच, असं मला लहानपणी वाटायचं. वाचणारा माणूस एकच होता. दिल्लीची बातमी ज्या सुरात, त्याच सुरात तो सांगायचा: वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे, कोणत्या भाषा बोलतात. त्यात कुठे दया नव्हती. प्रत्येक सूचना लागोपाठ तीन संध्याकाळी वाचली जाई.

पहिल्या संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर. काकाजींचं नाव त्या आवाजात आलं तेव्हा काकीने पदर तोंडात धरला. नाव तिने स्वतः कधी घेतलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळीही वाचलं. तिसऱ्या संध्याकाळी एका म्हातारीची सूचना झाली, एका मुलाची झाली, आणखी एका बाईची झाली, आणि एकदम हवामान सुरू झालं. आमची आलीच नाही.

“टाइम पुरला नसल,” बाबा म्हणाले.

“दोन दिवस पुरला, आज काऊन नाही पुरला?” काकीने विचारलं.

त्यानंतर बारा वर्षं तिचा तोच एक प्रश्न होता. काकाजी कुठे गेले, काऊन गेले, हे तिला विचारताना मी ऐकलं नाही. ते गावच तिला विचारायचं, आणि उत्तरही गावच द्यायचं, की शहरात कोणी असेल. ती एवढंच म्हणायची, “तिसऱ्या दिवशी काऊन नाही वाचलं?” रेडिओचा काटा हलू नये म्हणून तिने चकतीवर चिकटपट्टी लावली होती. पुढे केव्हातरी त्या सूचना बंद झाल्या. त्या वेळेला शेअर बाजार आणि शहरातली रहदारी आली. कोणत्या चौकात गाड्या तुंबल्या, कोणता रस्ता बंद. काकी तेही ऐकायची, न जेवता. शेजारची जाताजाता म्हणायची, “का वं, तुझा नवरा सिग्नलवर अडकून राहिला का?”

“अडकला असल,” काकी म्हणायची. “सुटंल.”

मी शहरात शिकायला गेले, आणि शेवटच्या वर्षाला त्याच केंद्रात हंगामी काम मिळालं. माईकसमोर नाही. मला माईकसमोर कोणी बसवलं नसतं. केंद्राला बरीच वर्षं झाली म्हणून एक स्मरणिका निघायची होती आणि जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायला मराठी-इंग्रजी टायपिंग येणारी मुलगी हवी होती. केंद्र कसं वाढलं, ते मी त्या रजिस्टरांत वाचलं. सुरुवातीला दोनच बातमीपत्रं. मग चार, मग दर तासाला. एका पुराच्या वर्षी सलग बातम्या द्याव्या लागल्या आणि त्यानंतर केंद्र परत पहिल्यासारखं झालंच नाही, बातम्यांचंच राहिलं. रोज काय वाचलं, किती वाजता, कोणी, सगळं हाताने लिहिलेलं. वाचून झालं की निळी खूण. काही गाळलं तर लाल रेघ आणि समासात कारण. कारण लिहिल्याशिवाय लाल रेघ मारायची नाही, असा तिथला नियम होता.

पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं, “एक चहा, साखर कमी.” तो सूचनांचा आवाज होता. वळून पाहिलं तर निवृत्तीला आलेले, स्वेटर घातलेले एक साधे गृहस्थ. मी चहा न पिता वर निघून गेले.

काकीला कळलं की मी त्या केंद्रात आहे. तिचा फोन आला. “तू तठीच बसून राहिली ना? पाहून सांग ना मले. तिसऱ्या दिवसाचं.”

मी शोधलं नाही. ओळीने काम करत गेले आणि ते वर्ष आपोआप आलं. पहिल्या संध्याकाळी काकाजींच्या नावापुढे निळी खूण. दुसऱ्या संध्याकाळी निळी खूण. तिसऱ्या संध्याकाळी नावावरून लाल रेघ, आणि समासात बारीक अक्षरात: “संबंधित व्यक्ती दुपारी स्वतः केंद्रात हजर. फोटोवरून ओळख पटली. सूचना वाचू नये अशी विनंती. घरी स्वतः कळवतो असे सांगितले.” खाली सही. सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

मी ते पान टाइप केलं. पुढचंही केलं. संध्याकाळी स्वेटरवाल्या सरांना विचारलं, सूचना ऐकून लोक स्वतः यायचे का?

“यायचे की, अधूनमधून,” ते म्हणाले. “आपलं नाव ऐकून घाबरून यायचे. पोलिसांपेक्षा आमच्याकडे यायला सोपं वाटायचं. आम्ही चहा द्यायचो. घरी कळवा म्हणायचो. प्रौढ माणूस, आणखी काय करणार? पोलिसांना एक चिठ्ठी जायची.” मग त्यांनी विचारलं, “का? कोणी ओळखीचं सापडलं?”

मी मान हलवली, नाही.

ती चिठ्ठी आमच्या ठाण्यापर्यंत आली नसेल, किंवा आली असेल आणि कोणी उघडली नसेल. खाली स्वागतकक्षात एक लाकडी बाक आहे, बराच जुना. भेटायला येणाऱ्याला तिथेच बसवतात. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोरून पटकन जायचे. दुपारी तो रिकामा असला तरी मला तिथे कोणी बसल्यासारखं वाटे, गुडघ्यांवर हात ठेवून, कपातला चहा बशीत ओतून. होस्टेलला परतताना बसमधून मी बुटक्या माणसांचे चेहरे बघायचे. बारा वर्षांनी माणूस कसा दिसेल याचा हिशेब लागत नव्हता. एकदा एका हातगाडीवाल्यामागे दोन चौक चालत गेले. तो वळला, तिशीतला होता. “क्या चाहिए, दीदी?” म्हणाला. मी नको असलेली केळी घेतली.

काकीचा फोन दर रविवारी. “भेटलं का?”

“अजून नाही, काकी. खूप रजिस्टरं आहेत.”

असे पाच महिने गेले. सांगितलं, तर तिला कळेल की तो हरवला नव्हता, त्याने तिला सोडलं होतं. नाही सांगितलं, तर जो मेला असल्याचं कोणालाच माहीत नाही त्याची ती विधवा होईल. मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिले आणि तेवढ्यात बाबांनी विधीचा दिवस कळवला. काकी तयार झाली म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. गावी आल्यावर मी मोठ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, “म्हणते, मेला म्हणता त मेला. पण तिसऱ्या दिवसाचं मले कोणी सांगितलं नाही.”

अंगणात आता नारळावर पांढरं कापड गुंडाळत होते. काकी चुलीशेजारी पाटावर बसली होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठं कुंकू, सकाळी नेहमीसारखंच लावलेलं. शेजारची आणि आणखी दोघी ओसरीवर थांबल्या होत्या. आत यायला त्यांचे पाय धजत नव्हते. शेजारची दाराची चौकट नखाने खरवडत होती.

“तू उभी काऊन? बस,” काकी म्हणाली. मी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. “तुले लहानपणापासून पाहून राहिली मी. पोटात असते, तोंडात येत नाही. इंग्लिश शाळेत बोलाले नाही शिकवत का?”

मी हसायचा प्रयत्न केला.

“पण त्या कागदांत तू सगळं पाहिलं ना?”

मी मान हलवणार होते. इतकी वर्षं मान हलवूनच निभावलं होतं.

“तुले नाही दिसलं, म्हणजे तठी नसनच,” ती म्हणाली आणि उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकून, हळू. “चाल. त्यायले म्हणा, घेऊन जा बांधावर.”

बाहेर मोठे बाबा तिरडीला दोर बांधायला सांगत होते. शेजारची आत एक पाऊल टाकून थांबली. काकीने स्वतःच दोन्ही हात पुढे केले.

मी तिचा हात धरला. बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. माझा आवाज मला अनोळखी वाटला, मोठा वाटला. अंगणातलं बोलणं थांबलं, म्हणजे तिथेही तो पोचला असणार.

“काकी, त्यांना सांगा थांबायला. तिसऱ्या दिवशी काकाजी स्वतः तिथे गेले होते. माझं नाव वाचू नका, असं त्यांनीच सांगितलं. त्यांची सही आहे. मी पाहिली, आणि पाच महिने तुमच्याशी खोटं बोलले.”