पोवळ्यावरचा नवा बल्ब

लोक मुंबईहून येताना ट्रंक आणतात, लुगडं आणतात, निदान मनगटावर घड्याळ तरी असतं. आमचे हे आले ते खारं पाणी घेऊन. एस्टीच्या टपावरून काचेच्या मोठाल्या बरण्या उतरवताना हमाल मला विचारत होता, लोणचं आहे का म्हणून. बरण्यांमागून गोणपाटात गुंडाळलेली काचेची पेटी उतरली आणि सगळ्यांत शेवटी हे उतरले, छातीशी झाकणाचा डबा धरून. इतके वाळले होते की नवऱ्याला ओळखायला मला एक क्षण लागला. तो क्षण मी अजून विसरले नाही.

मुंबईत समुद्राकाठी एका शेठचा बंगला होता, तिथे हे माशांच्या काचेच्या पेट्या सांभाळायला होते. शेठला शौक होता, आणि शौक निभावायला आमचे हे. मग यांना खोकला लागला, खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा शेठनं घरी जायला सांगितलं. पेट्यांतलं काय पाहिजे ते ने, असंही म्हणाला. दुसऱ्या कुणी निदान रंगीत मासे आणले असते. यांनी त्या डब्यातून दगडाला चिकटलेलं एक पोवळं आणलं.

पोवळं म्हटलं की आमच्या जळगाव जामोदात सगळ्यांना एकच ठाऊक, अंगठीतलं तांबडं. गल्लीतल्या बाया पदर सावरत बघायला आल्या. पेटीत तळहाताएवढा मातकट गोळा. शेजारीण म्हणाली, "हे पोवळं? हे तं वाळलेली गवरी आहे बाप्पा!" मीसुद्धा पोट धरून हसले. हे मात्र रागावले नाहीत. त्यांनी पेटीवरचा बल्ब लावला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्या गवरीवर बारीक बारीक तोंडं उघडली आणि तोंडाभोवतीचे केसासारखे तंतू पाण्यात हलू लागले. शेजारणीनं हात जोडले. मी नाही जोडले. मला त्या क्षणापासून ते पोवळं माझी सवतच वाटलं.

सवतीचं सगळं मीच करायचे. मधली खोली जाड भिंतींची आणि थंड, म्हणून पेटी तिथे. पेटीभोवती ओली गोणपाटं, पाणी आटलं की उकळून गार केलेलं पाणी वरून, आणि सायकलच्या पंपानं रबरी नळीतून हवा. खोलीत ऊन येत नसे, म्हणून बल्ब. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. अख्ख्या घरात दोन दिवे, त्यातला एक हिच्या डोक्यावर. हे पलीकडे बाजेवर पडून पाहत असायचे. मी आत गेले की चिडवायचे, "तुही सवत आज लय खुशीत आहे, पाह्य." आणि हसता हसता खोकायचे, मग हसणं राहून जायचं.

एकदा मी चिडून विचारलं की या दगडात असं काय आहे. ते म्हणाले, "शेठच्या घरी लोकाइनं आणलेली सारी पोवळी मेली. हे एकटं जगलं, अन् ते माह्या हातानं जगलं. माह्या हातानं दुसरं काय झालं सांग बरं?" मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांच्या पानमळ्यात यांचं लक्ष कधी लागलं नव्हतं.

दसरा झाला आणि दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की घाटावर क्षयाच्या दवाखान्यात एक पलंग रिकामा झाला आहे. ते म्हणाले, "याच आठवड्यात न्या. इथल्या सुयांनी आता भागत नाही." मी जवळजवळ पळतच घरी आले. इतके दिवस अंधारात चाचपडत होते, आता हाताला काहीतरी लागलं होतं.

घरी पाहते तर हे बाजेवर उठून बसलेले, नजर पेटीवर. बल्ब आतून काळा पडला होता आणि त्याचा उजेड पिवळा, मलूल झाला होता. म्हणाले, "दोन दिवस झाले, तोंडं उघडत नाई. नवा बल्ब आण." मी म्हटलं आणते, लावते आणि उद्याच आपण निघू. तर त्यांनी मान हलवली. नवा बल्ब एकदम लावायचा नसतो म्हणे. इतके दिवस मंद उजेडात राहिलेल्या पोवळ्यावर नवा उजेड एकदम पडला की ते भाजतं, पांढरं पडतं आणि मरतं. पेटीच्या काचेवर मलमलीच्या घड्या घालायच्या, बल्ब दोरीनं उंच टांगायचा आणि रोज पोवळ्याचा रंग पाहत, काही दिवसांनी एकेक पदर काढायचा. शेवटचा पदर निघेपर्यंत ते घरातून हलणार नव्हते.

"मी काढीन ना पदर," मी म्हटलं.

"तू घाई करशीन."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी सासऱ्यांकडे गेले. वाटलं, बाप आहे, दोन शब्द खडसावून सांगेल. मामाजी ओसरीवर पानं लावत बसले होते. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं आणि बल्बचंही. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं आणि उठून मधल्या खोलीत गेले. तोवर त्या पेटीकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पोरगा त्यांना पदर कसे काढायचे ते सांगू लागला, आणि मी पाहिलं की म्हाताऱ्याचा चेहरा खुलत चालला आहे.

आमच्याकडे पानमळ्यात वेलाला सावली लागते. पांगारा आणि शेवरीच्या सावलीत वेल वाढतो. पावसाळा सरला की ती सावली विरळ करतात, पण एकदम फांद्या तोडल्या तर पानं करपतात, म्हणून थोडी थोडी तोडतात. ते दिवस मळ्याचा धनी गावाची शीव ओलांडत नाही. लग्न असो, मयत असो, तो जात नाही. धनी शिवेबाहेर गेला की वेल रुसतो, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मामाजी स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मातीला संग्रामपूरला गेले नव्हते, आणि तेव्हा कुणी त्यांना बोल लावला नव्हता.

ते बाहेर येऊन म्हणाले, "सूनबाई, सावली उघडून राह्यलो आपण. धनी कसा जाईन?"

"मामाजी, तो दगड आहे!"

"जित्तं आहे ते. वेलच आहे पाण्यातला."

"अन् तुमचा पोरगा?"

"थोड्या दिवसाचा तं सवाल आहे. एवढे दिवस राह्यला ना?"

इतकी वर्षं बाप-लेकांचं पटलं नव्हतं. मळा सोडून मुंबईला गेला म्हणून मामाजी यांच्याशी धड बोलत नसत. आता दोघं पेटीपाशी डोकं लावून बसायचे, पदर कधी काढायचा यावर खल करायचे. एक म्हणायचा रंग उतरल्यासारखा वाटतो, दुसरा म्हणायचा नाही, थांब, अजून एक दिवस पाहू. यांच्या डोळ्यांत चमक आली होती. मी दारातून पाहायचे. एवढ्या वर्षांनी बाप मुलाशी गोड बोलत होता, आणि गोड बोलून त्याला मारत होता. हे मला तेव्हाही कळत होतं. मी रोज भांडले. रोज हरले. डॉक्टरांकडे जाऊन पलंग राखून ठेवा म्हणून हातापाया पडले. ते चिडले, पण त्यांनी शब्द टाकला.

शेवटचा पदर निघाला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पोवळं कुठेही पांढरं पडलं नाही. नव्या बल्बच्या पुऱ्या उजेडात सगळी तोंडं उघडली, पहिल्यापेक्षाही जास्त. मामाजींनी गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटावर गेलो. यांना एस्टीत बसवायला दोघांनी धरावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, खिडकीशी उजेडात धरला आणि मला बाहेर बोलावलं. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, म्हणाले. इथे ठेवून उपयोग नाही, पलंग ज्याला गुण येईल त्याला द्यावा लागतो, घरी न्या. मी विचारलं, पहिल्यांदा पलंग मिळाला तेव्हाच आणलं असतं तर? ते म्हणाले, "तेव्हा का आणलं नाही?"

पोवळ्याला नवा बल्ब बसवायचा होता, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते मी.

घरी आल्यावर यांना बाजेवर निजवलं. मामाजी उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, मी थांब म्हटलं, त्याच्यानं झालं का?"

नाही म्हणता आलं असतं. म्हातारा त्या एका शब्दासाठी उभा होता. पण माझ्या पोटात इतक्या दिवसांची आग होती. मी म्हटलं, "हो मामाजी. त्याच्यानंच झालं." त्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर निघाला, आणि ते ओसरीवर जाऊन बसले. पुढे ते जगले तेवढे दिवस त्या खोलीत पुन्हा आले नाहीत.

हे पौषात गेले. पोवळं चैत्राच्या उकाड्यात पांढरं पडलं. ओल्या गोणपाटांनी काय होणार, आमच्याकडे चैत्रात भिंतीसुद्धा तापतात. तो बल्ब बदलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पण त्या दुपारी, घाटावरून आलो त्या दुपारी, यातलं काही मला कळायला मार्ग नव्हता. यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, काही मनातलं बोलतील.

"पुढचा बल्ब तू बदलशीन," ते म्हणाले.

"तुम्हीच बदलाल. मी कशाला?"

"आयकून घे. आपण चार पदर घेतले. तू सहा घेजो. तुह्या हाताले लय घाई आहे."

मी रडत होते आणि मला रागही आला होता. ते वाट पाहत राहिले.

"किती?"

"सहा," मी म्हटलं.