अभिमन्यूदादांच्या पिकअपचा कॅमशाफ्ट

घाटनांदूरच्या हैदर मिस्त्रींना नम्रपणा कधी जमला नाही. गाडी दुरुस्त झाली की ते गिऱ्हाइकाला बॉनेटजवळ उभं करत, झिजलेला भाग त्याच्या हातात देत आणि काय बिघडलं, का बिघडलं, याचं साग्रसंगीत व्याख्यान देत. घाईतल्या माणसालाही सुटका नसे. एका कामाचे दोन मार्ग असले तर दोन्ही समजावून सांगायचे आणि निवड गिऱ्हाइकावर सोडायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यात प्रामाणिकपणा होता आणि आपल्याला किती कळतं हे दाखवायची हौसही होती. हौस जरा जास्तच, असं त्यांची बायको मदिनाबी म्हणायची.

अभिमन्यूदादांची पिकअप त्यांच्याकडे आली ती बंकट ड्रायव्हरमुळे. दादा कुठल्या पदावर होते हे गावात कुणाला नीट सांगता आलं नसतं, पण त्यांचा फोटो नसलेला बॅनर तालुक्यात लागत नव्हता. पिकअप अमेरिकेची, दुबईमार्गे आलेली, स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलेलं. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. घाटनांदूरच्या रस्त्यावर तिच्याएवढं धूड दुसरं एकच होतं, पाण्याचा टँकर. तर या धुडातून महिनाभर टिकटिक आवाज येत होता आणि दादांचा वाढदिवस तोंडावर आला होता. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं गाडी ठेवून जा, दोन-तीन महिने लागतील, असं सांगितल्यावर बंकट म्हणाला, "आपला हैदर काय मेलाय का?"

बंकटनं उमेदीची सारी वर्षं उसाच्या ट्रकवर घालवली होती. हैदरभाईंनी त्याच्या ट्रकचं इंजिन किती वेळा उघडलं याला गणती नव्हती, आणि दर वेळी बंकट शेजारी उलट्या बादलीवर बसून पाने हातात देत असे. दोघं एकमेकांना बे म्हणून बोलत. गुडघे दुखायला लागले तेव्हा ट्रक सुटला आणि दादांच्या गाडीवर बंकटला जागा मिळाली. म्हातारपणाची सोय झाली, असं त्याला वाटलं.

हैदरभाईंनी इंजिन उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. या इंजिनात एक हुशारी होती. सपाट रस्त्यावर, अंगावर ताण नसला की, आठातले चार सिलिंडर आपोआप झोपत, पेट्रोल वाचावं म्हणून. झोपवायचं-उठवायचं काम खास टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे छोटे दट्टे, करत, तेलाच्या दाबावर. त्यातला एक टॅपेट झोपला तो उठलाच नाही आणि अडकल्या जागी कॅमशाफ्ट खात बसला.

"दादाच्या मागं फिरणाऱ्या पोरांसारखंच झालं की बे," बंकट म्हणाला. "निम्मे झोपल्याले, अन् पेट्रोल समद्यांना."

हैदरभाईंनी ठरवलं, ही झोपायची भानगडच काढून टाकायची. सगळे टॅपेट साधे बसवायचे, तेलाच्या त्या वाटा बंद करायच्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरला पुण्याचा माणूस बोलावून समजवायचं की आता आठही जण कायम जागे. आणि कॅमशाफ्ट नवा. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला उंचवट्यांचा दांडा. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, इंजिन श्वास घेतं-सोडतं. असे दोन दांडे मिळत होते. एक शांत, कंपनीच्या मूळ दांड्यासारखा. दुसऱ्याचे उंचवटे मोठे. त्यानं ताकद वाढायची ती वेगात, आणि उभ्या गाडीत इंजिन अडखळल्यासारखं धडधडायचं.

यातला शांत दांडाच योग्य, हे हैदरभाईंना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तो मागवून गप बसायचं होतं. पण शिरस्ता आडवा आला. त्यांनी मोबाइलवर दोन्हींचे आवाज दादांना ऐकवले.

दुसरा आवाज सुरू झाला तसे दादा खुर्चीत पुढं सरकले. "ह्योच," म्हणाले. "दोन्ही मागवून ठिवा, पण बसवायचा ह्योच."

"दादा, उभ्या गाडीत ह्याचा व्हॅक्यूम, म्हंजी हवेची ओढ, कमी पडतो. ब्रेकला जोर देणारा बूस्टर त्याच्यावरच चालतो. गर्दीत ब्रेक सारखा सारखा दाबला की पेडल दगडावानी व्हतं. वेगळा पंप बसवावा लागंल, त्यो यायला येळ लागंल."

"मग बसवा की पंप. वाढदिवस झाल्यावर."

इथं नाही म्हणायचं होतं. जन्मभर गिऱ्हाइकांना डोस पाजणारा माणूस इथंच नेमका गप बसला. दादांना नाही म्हणणं सोपं नव्हतं हे खरं, पण खरं कारण तेवढंच नव्हतं. हैदरभाईंना स्वतःलाच तो आवाज ऐकायचा होता. मुलाला, तौसीफला, हाताशी घेऊन त्यांनी दांडा बसवला, गाडी सुरू केली, आणि समोरच्या हॉटेलातल्या बरण्या किणकिणायला लागल्या. माणसं चहा टाकून बाहेर आली. हैदरभाई कमरेवर हात ठेवून मध्ये उभे राहिले आणि त्यांना लई बरं वाटलं.

बंकटला त्यांनी एकट्याला सांगितलं, "गर्दीत गाडी न्यूट्रल कर, जरा रेस दे, मंग ब्रेक दाब. व्हॅक्यूम भरतं."

"म्हंजी थांबायसाठी आदी पळायचं?"

"असंच समज."

दोघंही हसले.

पुढच्या आठवड्यात त्या आवाजानं गाव काबीज केलं. घरात बसल्या बसल्या लोक सांगत, दादा आले, दादा गेले. पोरं इंजिनाची नक्कल तोंडानं करत सायकली हाकत. बंकट मात्र संध्याकाळी गॅरेजवर येऊन पाय चोळायचा. गाडी ऑटोमॅटिक गिअरची, पाय ब्रेकवरून काढला की आपोआप पुढं सरकणारी, आणि नव्या दांड्यापायी हैदरभाईंनी उभ्या गाडीतली इंजिनाची चालही वाढवून ठेवलेली. दिवसभर धरून धरून पाय भरून येतो म्हणायचा.

वाढदिवसाला बाजारपेठेत क्रेन आणली होती. क्रेनला झेंडूचा हार, दोन बैलगाड्या झाकतील एवढा. दादा पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे, आणि गाडी नेमकी हाराखाली उभी करायची. एक फूट पुढं, थांब, आणखी एक फूट, थांब, फोटोवाला हात करतोय, जरा पुढं. बंकट न्यूट्रल करून रेस द्यायचा तेव्हा पोरं नाचायची. मग मागून दादांनी टपावर थापा मारल्या, "रेस पुरे, पुढं घे." बंकटनं पुढं घेतली. ब्रेक दाबला, सोडला, दाबला. पुढच्या खेपेला पेडल खाली गेलंच नाही. दोन्ही पायांनी उभा राहिला तो त्यावर, तरी गाडी सरकतच राहिली.

समोर छबुबाई वाकलेली होती. मारुतीच्या देवळापुढं ती फुलं विकायची. हारातून गळलेला झेंडू दुसऱ्या दिवशी कामाला येईल म्हणून ओटीत भरत होती. डीजेच्या दणदणाटात तिला काही ऐकू आलं नाही. अंबाजोगाईला नेल्यावर तिचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

संध्याकाळ व्हायच्या आत गावात दोन गोष्टी पसरल्या. बंकट म्हणत होता, ब्रेक दबला नाही. दादांची माणसं म्हणत होती, बंकट प्यालेला होता. बंकटनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, हे सांगणाऱ्या लोकांनाही ठाऊक होतं. तक्रार लिहिली जाईपर्यंत पिकअप दादांच्या शेतातल्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः गॅरेजवर आले. आवाज चढवला नाही. चहा घेतला, अगदी बशीत ओतून.

"हैदरभाई, ब्रेक तपासायला साहेब येणार हायेत. त्यो मोठा कॅमशाफ्ट आत सापडला तर ते इचारतील, बसवला कुणी. मला इंजिनातलं काय कळतं? हात तुमचे अन् तौसीफचे." मग छपराकडं बघत म्हणाले, "तुमचं गॅरेज रस्त्याच्या हद्दीतच हाय ना? मी आतापत्तोर कुणाला बोलू दिलं न्हाई."

हैदरभाईंच्या मनात आलं, मी सांगितलं होतं की. पंपाचं सांगितलं होतं. पण ते सांगताना तिसरं माणूस तिथं नव्हतं. हैदरभाई तौसीफला घेऊन दादांच्या शेतावर गेले. शांत दांडा दादांनी आधीच घेऊन ठेवला होता. शेडचं दार आतून लावून बापलेकांनी पुन्हा इंजिन उघडलं आणि दांडा बदलायला घेतला. काम बिघडेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. हात नेहमीसारखेच चालले. त्या हातांचा त्यांना तेव्हा राग आला.

घरी मदिनाबीनं ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, "बंकट को क्या बोलेंगे आप?" हैदरभाई ताटावरून उठले.

तपासणी शाळेच्या मैदानावर झाली. तपासणारे साहेब बाहेरगावचे, वयानं तरुण, कामाला चोख. त्यांनी चेसिस नंबर ताडून पाहिला आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. शांत, एकसारखं, शिवणयंत्र चालावं तसं.

मैदानात निम्मं गाव होतं. त्या गाडीचा आवाज ज्यांना पाठ झाला होता अशी माणसं, नक्कल करणारी पोरं, हॉटेलवाला, सगळे. आवाज बदलल्याचं कळलं नाही असा त्यांच्यात एकही नव्हता. एकजणही बोलला नाही. हॉटेलवाला रुमालानं मान पुसत राहिला.

पोलिसांच्या ताब्यात असलेल्या बंकटनं झटकन मान वर केली. आधी गाडीकडं पाहिलं, मग हैदरभाईंकडं.

साहेबांनी गाडी हळूहळू सरकवत ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. बराच वेळ दाबत राहिले. पेडल दर वेळी लोण्यासारखं खाली जात होतं.

"साहेब," बंकट म्हणाला, "ही ती गाडी न्हाई."

"नंबर तोच आहे. चेसिस तोच आहे."

"नंबर तोच असंल. इंजिन असं चालत न्हवतं. इचारा की समद्यांला."

साहेबांनी भोवती पाहिलं. दादा पलीकडं फोनवर बोलत होते. साहेबांची नजर हैदरभाईंच्या काळ्या पडलेल्या बोटांवर थांबली. "तुम्ही मिस्त्री ना? हीच गाडी का?"

बोलायला एवढी सोपी संधी पुन्हा येणार नव्हती. तौसीफ बापाकडं बघत होता.

"तीच हाय, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवून कागदावर ब्रेक चांगले असल्याचं लिहिलं. सही करून साहेबांनी सहज, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून विचारलं, "गाडी छान ठेवली आहे. काम कोण बघतं हिचं?"

दादांची माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. उत्तर बंकटनं दिलं.

"ह्येच बघत्यात, साहेब. हैदर मिस्त्री. आमच्या लई वर्साच्या वळखीचे हायेत," तो म्हणाला, आणि कुणी हात धरायच्या आधी स्वतःच पोलिसांच्या जीपकडं चालायला लागला.