बागवाल्या बाई आणि जांभळाचा कट्टा

बागवाल्या बाई कुठल्याही आवारात शिरल्या की आधी गुडघे टेकून बसायच्या आणि झाडाच्या बुंध्याजवळची माती बोटांनी उकरायच्या. ओळख, नमस्कार, चहा सगळं त्यानंतर. आमच्या अपार्टमेंटच्या चेअरमननी हात जोडले तेव्हाही त्या जांभळाखाली मातीत हात घालून बसल्या होत्या, आणि सेक्रेटरी या नात्याने त्यांना बोलावणारा मी शेजारी ओशाळून उभा होतो.

आमच्या तीन इमारतींच्या मधोमध जुन्या बागेतली अकरा झाडं बिल्डरने राखली होती. तिथे झकास लँडस्केपिंग करून घ्यायचं म्हणून हुपरीच्या या बाईंना गाठलं. त्यांचे वडील चांदीचे पैंजण घडवायचे. "आमच्या घरात समद्यांची नजर घोट्यावरच," त्या म्हणायच्या. "झाडालाबी घोटा असतोय. खोड संपून मुळं फाकत्यात ती जागा. ती उघडी पायजे. मातीत पुरली की साल कुजती आन् झाड जातंय." हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला तोंडपाठ झालं.

घाई हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. चार महिने नुसत्या येऊन बसायच्या. ऊन कुठे पडतं, पाणी कुठे साचतं, मुलं कुठून पळतात एवढंच बघायच्या. इकडे माझा फोन रोज वाजायचा, "सेक्रेटरी, बाईंचं काय झालं?" शेवटी नकाशा आला. एक वळणाची पायवाट, बसायला सहा बसके दगड आणि खाली सूचना, पाला झाडू नये. कारंजं नाही, लॉन नाही. चेअरमननी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"मॅडम, हे हाय तसंच हाय की वो!"

"हाय तसं ठेवायलाच लई डोकं लागतंय, चेअरमनसाहेब."

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही चीड आली. बाईंनी चार गोड शब्द बोलून दोन फुलझाडं लावली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण गोड बोलणं त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

पायवाट झाली, दगड बसले. पण कोल्हापूरच्या माणसाला झाड दिसलं की कट्टा लागतो. दगडावर बसून गुडघे धरतात, अशी ज्येष्ठ मंडळींची तक्रार सुरू झाली. "जांभळाला कट्टा बांधूया. कट्टा न्हाय तर झाड कसलं?" चेअरमन म्हणाले. बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी इचलकरंजीला होत्या. त्यांना एक फोन करायचा, एवढंच माझं काम होतं. मी केला नाही. रोजच्या कटकटीला मी वैतागलो होतो. बैठकीत हात वर केला आणि ठराव एकमताने झाला. बुंध्याभोवती तीन फूट भिंत उठली, आत लाल माती भरली, वर फरशी बसली. संध्याकाळी तिथे गप्पा रंगल्या तेव्हा मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो.

पुढच्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. त्यानंतरच्या पावसाळ्यात झाड कललं आणि तोडावं लागलं. कळल्यावर बाई आल्या. फोडलेल्या कट्ट्यातून बुंधा दिसत होता, त्याची साल हात लावताच निघून येत होती. त्या ओरडतील म्हणून मी मनाची तयारी करून उभा होतो.

"तुमचाबी हात वर हुता?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पर्स उचलली आणि गेटकडे चालू लागल्या. स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता आंब्याला कट्टा बांधायचं चाललंय, कारण जांभळाखालची मंडळी बसणार कुठे? या माणसांपुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. परवा मी बाईंना फोन लावला, रविवारच्या बैठकीला येऊन समजावून सांगा म्हणून विनवलं.

"मी कशाला पायजे, सेक्रेटरी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुमास्नी कळलंय की सगळं."

त्या शब्दांनी अजून जीव जळतो. एवढ्या बारीक नजरेची बाई, पण माझ्या बाबतीत चुकली. मला हे आता कळलेलं नाही. हात वर केला तेव्हाही मला सगळं ठाऊक होतं.