मोहाखालची झाडलेली जागा

आमच्या घरात नवस नाही. रोज संध्याकाळी तथागतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण म्हणायचं, एवढंच. चाळीसेक वर्षांपूर्वी मात्र त्या मिटल्या डोळ्यांवर माझा राग होता. माझ्या पाच वर्षांच्या लेकीचा श्वास अडकायचा, आणि मागायचं कुणाकडे तेच मला कळत नव्हतं.

दोष माझाच, असं मी धरून चालले होते. नर्सची नोकरी लागून एटापल्लीकडच्या जंगलातल्या उपकेंद्रावर नेमणूक झाली, तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला चंद्रपूरला नणंदेकडे ठेवून मी एसटीत बसले. ती रडत बसमागे धावली, इतकी की हुंदक्यांत तिला श्वास घेता येईना. हे मी मागच्या काचेतून पाहिलं आणि तरी उतरले नाही. वर्षभरात तिला दमा जडला. डॉक्टर म्हणाले, कोळशाची धूळ आहे, प्रकृती आहे, आणि कोवळ्या वयात घेतलेला धसकाही कधीकधी छातीत उतरतो. बाकीचं मी विसरले, शेवटचं तेवढं लक्षात राहिलं.

मग तिला जवळ आणलं. पण धाप लागली की मी, नर्स असून, तिचे खांदे धरून "श्वास घे, श्वास घे" म्हणत सुटायची आणि पोर आणखी घाबरायची.

चैत्रातली सकाळ होती. गोळ्या संपलेल्या, एसटीचा पत्ता नाही, म्हणून तिला कडेवर घेऊन मी पायीच एटापल्लीच्या दवाखान्याकडे निघाले. मोहफुलं वेचायचे दिवस. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्यामुळे सारं रान धुराने भरलेलं. वाट, झाडं, माझे स्वतःचे पाय, सगळं त्या धुरात तरंगत होतं, आणि वर मोहाचा तो गोड, जड वास. तिची छाती वाजू लागली, ओठ निळसर झाले. मी पळत होते, आणि ज्या मिटल्या डोळ्यांवर रागावले होते त्यांनाच मनात म्हणत होते, आता माझ्या हातात काही नाही.

वळणावर एका मोहाखाली धूर नव्हता. एक म्हातारी माडिया बाई खराट्याने पाला लोटत होती. तिने मला थांबवलं, आणि लेकीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पोरीले राहू दे," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "पयले तू बस, बाई."

मी बसले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. थांबून थांबून एकेक फूल पडत होतं. किती वेळ गेला, देव जाणे. आम्ही देव मानत नसलो तरी. माझी धडधड ओसरली तेव्हा ध्यानात आलं, मांडीवरच्या लेकीचा श्वास माझ्या श्वासामागून चालला आहे.

तिने डोळे उघडले. "आई, तू कुठी जाऊन राह्यली का?"

"नाई गं. इथीच आहो."

धूर विरल्यावर दवाखान्यात जाऊन गोळ्या आणल्या. दमा काही एका दिवसात गेला नाही.

पुढच्या चैत्रात लेकीला घेऊन, म्हातारीसाठी लुगडं घेऊन गेले. आजूबाजूच्या सगळ्या मोहांखाली काळी राख, तिच्याच झाडाखाली स्वच्छ झाडलेली जमीन. सगळे जाळतात, तू काऊन नाही जाळत, मी विचारलं. ती हसली.

"मागच्या साली आगपेटी सरली होती."

"अन् यंदा?"

तिने कमरेची आगपेटी काढून हलवली. काड्या खुळखुळल्या.

"यंदा हाये. पण तुही पोरगी येईन म्हणलं."

मला रडू आलं. तिचा खराटा घेऊन मी उरलेलं झाडलं, लेकीने फुलं वेचली.

अजूनही त्रिसरण म्हणण्याआधी मी घडीभर नुसती बसते. त्या दिवसानंतर लेकीला मी कधी श्वास घे म्हटलं नाही. धाप लागली की जवळ बसायचं, आपला श्वास घ्यायचा. तिचा मागून यायचा, आणि आता मी तिच्यासाठी थांबलेली असायची.