परिपाठातली बातमी

आमच्या हायस्कुलात पेपर एक दिवस उशिरा येतो आणि सकाळच्या परिपाठात मुलं त्यातल्या बातम्या वाचतात. काल नववीतल्या सुनंदाने पेपरची घडी घातली आणि मान वर करून म्हणाली, "आपल्या वर्गातल्या कविताचं रविवारी लग्न झालं. ती आता शाळेत येणार नाही."

मुख्याध्यापक डाफरले, "बातम्या पेपरातल्या वाचायच्या!"

कुठल्या कुठल्या देशातला भूकंप आम्हाला कळतो, पण आपल्याच वर्गातला बाक रिकामा झालेला कळत नाही. न कळायला काय झालं! त्या मांडवात वर्गशिक्षक म्हणून मानाचा नारळ मीच घेतला होता, पहिल्या पंगतीला जिलेबीही मागून घेतली होती.

आज सुनंदाने वाचायच्या बातम्यांवर मी लाल पेनाने खुणा करून दिल्या. तिने त्या एकही शब्द न चुकता वाचल्या.